शेवटच्या कडव्यापर्यंत

मराठी माणसाला शेकडो गाणी येतात, पण बहुतेकांना येतं ते ध्रुवपद आणि फार तर पहिलं कडवं. पुढचं सगळं गुणगुणण्यावर निभावून नेलं जातं. गाण्यांच्या अर्थावरून आपल्याकडे जे वाद होतात, जे किस्से पसरतात आणि जे गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ या एका सवयीत आहे, असं माझं ठाम मत आहे. गाण्याचा अर्थ अनेकदा शेवटच्या कडव्यात उलगडतो आणि तिथपर्यंत आपण पोचतच नाही.

गाण्याचा अर्थ ठरवायचा कुणी, या प्रश्नाला मराठीत आजवर चार प्रकारची उत्तरं मिळाली आहेत. पहिलं कीर्तनकारांचं : अर्थ शब्दांत आहे, तो चरणाचरणानं उकलायचा. दुसरं किस्से सांगणाऱ्यांचं : अर्थ कवीच्या आयुष्यात आहे. तिसरं सत्तेचं : अर्थ लिहिणाऱ्याच्या हेतूत आहे आणि तो हेतू आम्ही ओळखतो. चौथं संगीतकार, गायक, दिग्दर्शक आणि श्रोते या सगळ्यांचं मिळून : गाणं ज्याच्या हाती जातं, तो त्याचा अर्थ घडवतो. या चारही उत्तरांत तथ्य आहे. पण चारही सारखी वजनदार नाहीत.

कीर्तनाची शिस्त

गाण्याचा अर्थ लावण्याची आपली सर्वांत जुनी आणि सर्वांत शिस्तीची पद्धत वारकरी कीर्तनात आहे. कीर्तनकार एकच अभंग निरूपणाला घेतो. त्याचं ध्रुवपद टाळ-मृदंगावर घोळवतो आणि मग एकेक चरण धरून बोलतो. मनाला येईल तो अर्थ सांगण्याची त्याला मुभा नाही. प्रत्येक म्हणण्याला प्रमाण द्यावं लागतं, म्हणजे ज्ञानेश्वरीतली ओवी, तुकोबांच्या गाथेतला चरण किंवा दुसऱ्या एखाद्या संताचं वचन. समोर बसलेल्या जुन्याजाणत्या वारकऱ्यांना ही प्रमाणं पाठ असतात, त्यामुळे चुकीचं प्रमाण खपत नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेनं ही पद्धत शिकवून पिढ्या तयार केल्या.

या शिस्तीचं मोल कळतं ते एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात. रंगमंचावर ते सादर होतं तेव्हा प्रेक्षक हसून लोटपोट होतात : विंचू चावलेली बाई, तिचा थयथयाट, तिची बोंब. एवढ्यावरच थांबलं तर तो एक झकास विनोदी नाच आहे. पण नाथांनी अर्थाची किल्ली भारुडातच ठेवली आहे. हा विंचू कामक्रोधाचा आहे, हे तिथे उघड सांगितलं आहे. त्यावरचा उतारा म्हणजे तमोगुण मागे सारून सत्त्वगुणाचा अंगारा लावणं. शेवटच्या चरणात तर कमालच आहे. उतारा पडतो, विष उतरतं, तरी थोडीशी ठणक उरतेच, आणि ती ठणक गुरू जनार्दनस्वामींच्या कृपेनं शमते. साधनेनं माणूस विकारांतून सुटतो खरा, पण पूर्णपणे नाही, हा अनुभवाचा बारकावा नाथांनी अगदी शेवटी ठेवला आहे. जो मध्येच उठून गेला, त्याला अर्धंच भारूड मिळालं.

ज्ञानदेवांच्या मोगऱ्याच्या अभंगाचंही असंच आहे. दारी लावलेलं रोप, गगनाला गेलेला वेल, कितीही खुडली तरी बहरणारी फुलं. लग्नघरात, मेंदीच्या कार्यक्रमात हे गाणं लावलं जातं आणि ते तिथे शोभूनही दिसतं. पण शेवटच्या चरणात मनाच्या गुंफणीतून विणलेला शेला विठ्ठलाला अर्पण होतो, तेव्हा अंगणातला मोगरा अंगणात राहत नाही. मुक्ताबाईंचा मुंगीचा कूट अभंग मात्र वेगळा. तिथे किल्ली दिलेलीच नाही. मुंगी उडते, सूर्याला गिळते, आणि शेवटी हे सगळं पाहून मुक्ताई हसते. निरूपणकारांनी त्याचे नाना अर्थ लावले आहेत, आणि कूटाचं कामच ते आहे. यावरून एक गोष्ट लक्षात येते. काही गाणी अर्थ उघडा ठेवतात, काही बंद करतात, आणि कुठलं गाणं कुठल्या जातीचं आहे, हेही त्या गाण्यातच शोधावं लागतं.

गाण्यामागची गोष्ट

आज मात्र गाण्याचा अर्थ म्हटलं की लोक शब्दांकडे न जाता गोष्टीकडे धावतात. हे गाणं कवीला कुठे सुचलं, कुणासाठी लिहिलं, त्या वेळी त्याच्या घरात काय घडलं होतं. निवेदकांना असे किस्से हवे असतात, कारण दोन गाण्यांमधली जागा त्यांनी छान भरते. ते फोनवरून फोनवर फिरतात आणि पाचव्या-सहाव्या फेरीनंतर त्यांना इतिहासाचा दर्जा मिळतो.

सुरेश भटांची 'तरुण आहे रात्र अजुनी' ही गझल या प्रकाराचं ठळक उदाहरण आहे. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि आशा भोसले यांचा आवाज यांमुळे ती घराघरांत पोचली. ही गझल शृंगाराची नसून युद्धात मरण पावलेल्या सैनिकाच्या पत्नीची आहे, पतीच्या देहापाशी बसून ती बोलते आहे, अशी गोष्ट कित्येक वर्षं सांगितली जाते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि गाणं पुन्हा ऐकावंसं वाटतं.

ही गोष्ट गझलेच्या शब्दांवर घासून पाहू. विझणं आणि मिटणं या क्रियापदांपाशी ती छान बसते. रात्र संपलेली नाही, तारे तेवताहेत, मी अजून तेवते आहे आणि तू मात्र विझलास, हे मृत्यूला लागू करता येतं. पण पुढचे शेर त्या गोष्टीला जुमानत नाहीत. कोजागरीचं चांदणं आहे. बोलणारीचं अंगांग उमलतं आहे. रातराणीचा गंध लुटलास का, असा प्रश्न वाऱ्याच्या तोंडी आहे. शेवटी तिच्या हृदयात लाटा उसळताहेत आणि तो किनाऱ्यासारखा कोरडा राहिला आहे. ही तक्रार मृताकडे नाही, जागं राहायला हवं होतं त्या जिवंत माणसाकडे आहे. शिवाय गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. सगळ्या शेरांना एकाच प्रसंगाच्या दोरीत ओवण्याचा हट्ट त्या काव्यप्रकाराच्या स्वभावाशी जुळत नाही.

मग ही गोष्ट इतकी का रुजली? मला वाटतं, तिनं एक अडचण सोडवली. बाईनं आपल्या शरीराची इच्छा उघडपणे बोलून दाखवणं आपल्या मध्यमवर्गीय बैठकीला पचत नव्हतं. तिच्या शेजारी शहीद नवरा ठेवला की तेच शब्द पवित्र होतात आणि गाणं चारचौघांत बिनदिक्कत ऐकता येतं. विरहिणीच्या शृंगाराला देवाच्या चरणी नेण्याची आपली परंपरा जुनी आहे, पण ज्ञानदेवांच्या विरहिणी अभंगात विठ्ठल शब्दांत हजर असतो. इथला सैनिक शब्दांत कुठेच नाही. त्याला आपण बाहेरून आणलं, आणि असं करताना भटांनी बाईला दिलेला निर्भय आवाज आपण हिरावून घेतला. माझा आक्षेप आहे तो यालाच.

ग्रेस यांच्या 'ती गेली तेव्हा' या कवितेचं उलटं झालं आहे. पावसात कुणी 'ती' निघून गेली, एवढ्यावर श्रोते ते प्रेमभंगाचं गाणं ठरवतात. वास्तविक कवितेत कवीनं 'ती' कोण, हे सांगून टाकलं आहे : ती आई आहे. पुढे अंगण येतं, बालपण संपल्याची जाणीव येते, खिडकीवरचा धुरकट कंदील येतो. ग्रेस दुर्बोध म्हणून प्रसिद्ध, पण इथे त्यांनी लपवलेलं काहीच नाही. आई गेली म्हणजे नेमकी कशी गेली, हे मात्र ते सांगत नाहीत, आणि किस्सेवाले नेमके तिथेच कवीचं घर उघडू पाहतात. त्याची गरज नाही. मुलाच्या दृष्टीनं आईचं जाणं हेच सर्वस्व आहे, ते त्याला पुरून उरतं. कवितेनं जे सांगितलं ते ऐकायचं नाही आणि जे सांगितलं नाही ते उकरायचं, हा उलटा न्याय झाला.

सरकारनं लावलेला अर्थ

गाण्याचा अर्थ लावणं हा नेहमीच निवांत वेळचा छंद नव्हता. नाशिकच्या बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती 'लघु अभिनव भारतमाला' या नावानं प्रसिद्ध केलेल्या कवितांबद्दल. या कवितांत देव होते, पुराण होतं, शिवाजी महाराज होते. वरवर पाहता इंग्रज सरकारशी त्यांचा संबंध नव्हता. पण देवांची आणि वीरांची नावं हे निमित्त आहे, खरा उपदेश परकी सरकारविरुद्ध शस्त्र उचलण्याचा आहे, असा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयानं काढला आणि शिक्षा कायम केली. निकाल देणाऱ्यांत मराठी जाणणारे न्यायमूर्ती होते. त्यांनी केलेलं वाचन साहित्य म्हणून चुकीचं नव्हतं. कवितांचा रोख खरोखरच तो होता. चूक होती ती कवितेच्या अर्थासाठी माणसाचं आयुष्य हिरावून घेण्यात.

त्याच वर्षी बाबारावांचे धाकटे बंधू विनायकराव इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर होते. तिथे त्यांना 'सागरा प्राण तळमळला' सुचलं. मंगेशकर भावंडांच्या आवाजातलं, हृदयनाथांनी चाल दिलेलं हे गीत महाराष्ट्र आज मायभूमीच्या ओढीचं गाणं म्हणून ऐकतो, डोळे पुसतो आणि थांबतो. ओढ तिथे आहेच. पिंजऱ्यातला पोपट आणि पाशात सापडलेलं हरीण यांच्या प्रतिमांतून ती जिवाला भिडते. पण कवितेचा बांधा तक्रारीचा आहे, आणि ती तक्रार टप्प्याटप्प्यानं चढत जाते. आधी समुद्राला आठवण करून दिली जाते की, परत आणीन असं तूच वचन दिलं होतंस. मग फसवणुकीचा आरोप होतो. शेवटी समुद्राला टोमणा आहे की, जी इंग्लंडची भूमी तुझ्यावर हुकूमत गाजवते, तिला तू भितोस. आणि त्याला जोडून धमकी आहे : माझी आई दुबळी नाही, ही कथा अगस्तीला सांगेन. अगस्तीनं समुद्र एका आचमनात पिऊन टाकला होता, हे ज्याला माहीत आहे त्याला ही धमकी केवढी मोठी आहे ते कळतं.

म्हणजे घरच्या आठवणीनं सुरू झालेली कविता साम्राज्याच्या आरमारी ताकदीला आव्हान देऊन संपते. समुद्र हे ब्रिटनचं बळ होतं, हे ध्यानात घेतलं की शेवटचं कडवं राजकीय होतं. ही कविता फक्त हळवी म्हणून गाणारे तिचा कणाच काढून घेतात.

सत्तेला चकवण्याची रीतही गीतकारांनी साधली. १९४३ सालच्या 'किस्मत' या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटात कवी प्रदीप यांनी परक्यांना दूर हटायला सांगणारं गाणं लिहिलं. शब्दांत नाव घेतलं होतं जर्मनीचं आणि जपानचं, म्हणजे इंग्रजांच्याच शत्रूंचं, त्यामुळे ते सेन्सॉरमधून सुटलं. चलेजाव चळवळीच्या त्या दिवसांत प्रेक्षकांनी मात्र परका कोण हे अचूक ओळखलं. पुढे दादा कोंडक्यांनी हीच फट वेगळ्या कामासाठी वापरली. शब्दशः अर्थ सोवळा, सूचित अर्थ चावट, आणि सेन्सॉर बोर्डानं आक्षेप घ्यायचा तर चावटपणा आपल्या तोंडून मान्य करायचा. लावणी आणि वग यांतला द्व्यर्थ ज्यांनी ऐकला आहे त्यांना ही रीत नवी नव्हती. अशा गाण्यांत दोन्ही अर्थ कवीनं जाणूनबुजून ठेवलेले असतात आणि एकाला खरा व दुसऱ्याला खोटा म्हणणं म्हणजे गाणं न कळणं.

चाल, तबकडी आणि पडदा

कागदावरची कविता गाणं होते तेव्हा तिच्यावर आणखी काही हात फिरतात. १९३०च्या दशकात मराठी भावगीत तबकडीवर आलं, तेव्हा एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची जागा होती. लांब कविता तिथे मावत नसे. कडवी गाळली जात आणि श्रोत्यांच्या दृष्टीनं उरलेली कडवी हीच कविता होऊन जाई. ही गाळणी अर्थावर मोठा परिणाम करते, पण तिची चर्चा फार कमी होते. ज्या कवितेचं वळण तिसऱ्या कडव्यात आहे तिथलं तिसरं कडवंच गेलं, तर श्रोत्याला दोष कसा द्यायचा?

चाल हाही एक अर्थच असतो. संगीतकार कुठल्या शब्दावर थांबतो, कुठली ओळ पुन्हा घेतो, कुठे आवाज वर नेतो, यावर आपलं लक्ष कुठे जाणार ते ठरतं. मग चित्रपट येतो. 'ती गेली तेव्हा' १९८९ सालच्या 'निवडुंग' या चित्रपटात आलं. पडद्यावर गाणं आलं की त्यातल्या 'ती'ला समोरच्या कथेतला चेहरा चिकटतो आणि पुढे कविता वाचतानाही तो सुटत नाही.

गीतरामायणात हा प्रश्न सर्वांत सुंदर रूपात दिसतो. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून त्याचं प्रसारण सुरू झालं. दर आठवड्याला एक अशी ५६ गीतं वर्षाहून थोड्या अधिक काळात झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचं. यातलं प्रत्येक गीत कुणीतरी कुणाला तरी उद्देशून, एका विशिष्ट क्षणी म्हटलेलं आहे. पण सगळ्यांत जास्त गायलं जाणारं, 'पराधीन' म्हणून ओळखलं जाणारं गीत त्या क्षणापासून सुटलं आणि स्वतंत्रपणे फिरू लागलं. शोकसभेत ते लावलं जातं. घरात कुणी गेलं की वडीलधारी माणसं त्याचा आधार घेतात. महासागरात दोन ओंडके भेटतात आणि लाटेनं पुन्हा दुरावतात, ही वाल्मीकींच्या अयोध्याकांडातून आलेली प्रतिमा दुःखात खरोखर धीर देते.

तरीही हे गीत शोकाचं नाही. राम चित्रकूटावर भरताशी बोलतो आहे. भरत त्याला परत न्यायला आला आहे आणि आईला दोष देतो आहे. कैकेयीचाही दोष नाही, वडिलांचाही नाही, हे सांगण्यासाठी राम दैवाचा आधार घेतो. वियोग, मरण, क्षणाची भेट हे सगळं त्या युक्तिवादाचे पुरावे आहेत. आणि युक्तिवाद जातो कुठे? शेवटच्या कडव्यांत राम थेट आज्ञा देतो : आग्रह सोड, तापसाचा वेष उतरव, राज्याची जबाबदारी घे, चौदा वर्षं पुरी झाल्याशिवाय मी येणार नाही, अयोध्येचा मान वाढव. माणूस पराधीन आहे म्हणून हातपाय गाळून बसा, असं गीत म्हणत नाही. जे आपल्या हातात नाही त्याबद्दल भांडू नका आणि जे हातात आहे ते करा, असं म्हणतं. निम्म्यावर थांबणाऱ्याला त्यातून दैववाद मिळतो, पुरं ऐकणाऱ्याला कर्तव्य मिळतं.

श्रोत्यांचा हक्क आणि त्याची मर्यादा

मग शोकसभेत ते लावणाऱ्यांनी चूक केली का? मुळीच नाही. श्रोत्याला गाणं आपल्या दुःखासाठी, आनंदासाठी वापरण्याचा पूर्ण हक्क आहे. गाणं लोकांचं होतं ते याच मार्गानं. २०१६ सालच्या 'सैराट'मधलं 'झिंगाट' वरातीत वाजतं आणि लहानथोर त्यावर नाचतात. त्या चित्रपटाचा शेवट जातीच्या इभ्रतीपायी झालेल्या खुनांत आहे, हे नाचणाऱ्यांनाही ठाऊक असतं. पण गाण्याच्या शब्दांत प्रेमानं बेभान झालेला पोरगा आहे, पुढे काय होणार हे त्याला माहीत नाही. म्हणून वरातीतला नाच शब्दांशी प्रामाणिकच आहे. चित्रपट पाहून झाल्यावर त्याच गाण्यानं गळा दाटून येतो, तोही अर्थ खरा आहे. तो येतो चित्रपटाच्या रचनेतून.

काळ बदलतो तसाही अर्थ बदलतो. माडगूळकरांच्या 'गोरी गोरी पान' या बालगीतात धाकटी बहीण दादाकडे वहिनी मागते. पिढ्यान्‌पिढ्या ते कौतुकानं म्हटलं गेलं. आज सावळ्या मुलीची आई ते ऐकताना चरकते आणि तिचं चरकणं रास्त आहे. मुलीला खेळायला, लाड करायला कुणी हवं आहे, ही त्या गीतातली माया खरी, आणि सुंदर म्हणजे गोरी हे त्यातलं गृहीतकही खरं. दोन्ही एकाच वेळी पाहणं म्हणजे कवीवर खटला भरणं नव्हे, आणि गाणं आवडतं म्हणून डोळे मिटून घेणंही नव्हे.

ऐकण्यातल्या चुकाही लोक पिढ्यान्‌पिढ्या जपतात. समर्थांच्या गणपतीच्या आरतीत 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' होतं, 'संकटी'चं 'संकष्टी' होतं. चुकीमागे तर्क असतो. मूर्ती घरात फळीवर असते आणि संकष्टी दर महिन्याला येते. पोटावर नाग बांधलेला देव मात्र त्यात हरवून जातो. भक्ती कमी होत नाही, पण चित्र पुसलं जातं. श्रोत्याच्या हक्काची मर्यादा नेमकी इथे आहे. मला गाण्यातून काय मिळालं, हे सांगायला मला कुणाची परवानगी नको. गाण्याचा अर्थ हाच आहे, असं दुसऱ्याला सांगायचं असेल तर मात्र शब्दांचं प्रमाण द्यावं लागेल.

मग कसोटी कोणती?

या सगळ्या वाचनांतून मला पटते ती कसोटी साधी आहे आणि ती कीर्तनकारांकडूनच आलेली आहे. आधी विचारावं : कोण बोलतंय, कुणाशी, कोणत्या क्षणी. मग पाहावं, लावलेला अर्थ सगळ्या कडव्यांना पुरतो का. एका ओळीला चपखल बसणारा आणि उरलेल्या तीन कडव्यांना गप्प करणारा अर्थ कितीही हृदयद्रावक असला तरी सोडून द्यावा. कवीचं चरित्र, काळ, चाल, चित्रपट हे सगळं त्यानंतर आणावं. त्यानं अर्थाला खोली येते, पण शब्दांच्या जागी ते बसू शकत नाही. ब्रायटनचा किनारा माहीत असल्यानं सावरकरांची कविता अधिक उजळते, कारण समुद्र आणि परकी भूमी कवितेत आहेतच. भटांच्या गझलेत सैनिक नाही, म्हणून त्याची गोष्ट कितीही सांगितली तरी गझल उजळत नाही, झाकली जाते.

यासाठी काही गोष्टी करण्याजोग्या आहेत. गाण्याच्या कार्यक्रमात निवेदकानं किस्सा सांगण्याऐवजी गाळलेलं कडवं वाचून दाखवावं. फोनवर गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांनी गायकाच्या नावाबरोबर कवीचं नावही ठळक द्यावं आणि पूर्ण कविता जोडावी. शाळेत कविता पाठ करून घेताना शिक्षकांनी मुलांना एवढं तरी विचारावं की, ही कविता सुरू होते तिथेच संपते का, की वाटेत बदलते? गाण्यांवर प्रेम करणारा समाज म्हणून आपण स्वतःला मिरवतो. त्या प्रेमाची किमान अट एवढीच आहे की, कवीनं जेवढं लिहिलं तेवढं आपण पूर्ण ऐकावं, आणि मगच त्याबद्दल बोलावं.